एकोणिसावं प्रकरण

ऑक्टोबरात आयोवातली रात्रसुद्धा
मक्याच्या भुशानं पिवळी असते.
धान्यकोठाराच्या तोलकाट्यावर माझी बैठक:
एक खिडकी, एक हीटर, वजनाच्या पावत्यांचा गठ्ठा
आणि पावत्यांच्या पाठीवर माझी कादंबरी.

भरलेला ट्रक येतो, आकडा लिहिते.
रिकामा होऊन येतो, आकडा लिहिते.
पहिल्यातून दुसरा वजा, उरले ते दाणे.
ओलावा प्रमाणाबाहेर असला तर पैसे कापायचे.
कादंबरीलाही हाच नियम हवा होता.
माझ्या पहिल्या नऊ प्रकरणांत
नुसतं पाणीच.

वाचायला शिकले ती चर्चच्या तळघरात,
टेना हाइटिंकच्या कपाटासमोर.
प्रत्येक कादंबरी ती आधी स्वतः वाचायची,
शिवी आली की काळ्या शाईनं बुजवायची,
चुंबन आलं की समासात पेन्सिलीनं लिहायची:
‘लग्न पुढच्या पानावर आहे.’
मी ती पानं दिव्यासमोर धरून पाहिली.
शाईखालचं काही दिसलं नाही,
पण कोण कुठं किती चिडलं असेल
ते ओळखायची खोड लागली.
लिहिणं बहुधा तिथूनच.

माझा नायक ऑरिन.
बायको गेल्यापासून दर रविवारी
चर्चच्या दारापर्यंत येतो, गाडीतून उतरत नाही.
एकोणिसाव्या प्रकरणात तो गुडघे टेकतो.
टेकायलाच हवेत. संपादकबाईंनी तसं कळवलंय,
प्रेमानंच: वाचक तीनशे पानं चालून येतो,
त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका.
अकरा वेळा टेकवले मी त्याचे गुडघे.
वादळात, गोठ्यात,
एकदा तर नाताळच्या रात्री, बर्फासकट.
अकराही वेळा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मीच त्याची मान धरून दाबतेय.

प्रार्थना केली. खरीच केली.
प्रभू, एक वाक्य दे.
चौदा तासांच्या पाळीनंतरची असली प्रार्थना
ऐकणारा कंटाळत नसेल, असं धरून चालते.

गुरुवारी शेवटच्या खेपेला डेल्मर रोर्डा आला.
त्याची मुलगी खडीच्या खाणीतल्या पाण्यात गेली
त्याला आता तीन हंगाम झाले.
पाळकसाहेब आशीर्वाद देताना
अजूनही त्याच्या मोकळ्या बाकाकडे बघतात.

ड्रायव्हर दोन्ही वेळा गाडीतच बसून असतो,
म्हणून त्याचं वजन हिशेबात येत नाही.
भरलेल्यात तो, रिकाम्यातही तो,
वजाबाकीत नाहीसा.
त्या रात्री मात्र रिकामा ट्रक काट्यावर सोडून
तो आत आला.
“काय लिहीत असतेस गं, अर्लिस?”

मी वाचून दाखवलं. का, ते सांगता येणार नाही.
नाताळवालंच.
तो हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिला.
“गुडघे टेकायला लावू नकोस त्याला,” म्हणाला,
“एवढ्यात तरी नको.”
आणि मग दाराशी, पाठमोराच:
“गाडीचं इंजिन चालू ठेव त्याच्या.
बंद केलं की थंडीनं माणूस आत तरी येतो
नाहीतर घरी तरी जातो.
चालू असलं की नुसतं बसता येतं.”

तो गेल्यावर आकडा पाहिला.
त्याच्या ट्रकचं रिकामं वजन मला पाठ आहे.
दोनशे दहा पौंडांनी हलका.
एवढा भरतो तर.

नियमाप्रमाणे नवी पावती केली.
चुकलेली फाडायची असते.
ती मी उलटी केली आणि लिहिलं:
‘ऑरिननं गाडीतला हीटर एकवर आणला.
आत दुसरं कडवं सुरू झालं होतं.
त्यानं काच खाली केली,’

दोन बोटं, लिहिलं. खोडलं.
एक बोट.
खिडकीबाहेर पुढचा ट्रक हॉर्न देतोय,
आणि काच किती खाली
ते अजून ठरत नाहीये.